काळ्या भुईची पादत्राणे

‘अनवाणी’ हा मराठीतला एक विलक्षण शब्द आहे. संस्कृतातील ‘उपानह्’पासून मराठीत ‘वहाण’ आली आणि वहाणेच्या अभावातून ‘अनवाणी’ सिद्ध झाला. माणूस ज्या अवस्थेत जन्माला येतो, त्या अवस्थेलाच भाषेने अभावाचे नाव दिले आहे. झाकले नसेल ते अंग ‘उघडे’, पागोटे नसेल ते डोके ‘बोडके’, अशी स्वतंत्र विशेषणे आपल्याकडे आहेत. पायाला मात्र तसे विशेषण नाही. पाय उघडा आहे हे सांगायचे तर आधी वहाणेचे स्मरण करावे लागते. ज्या भाषेत असा शब्द रुळतो त्या समाजात पायात काय आहे आणि काय नाही याला काही विशेष अर्थ असला पाहिजे. तो अर्थ शोधण्याचा हा एक प्रयत्न.

डोंगरभटकंती आणि डोंगरवाटांवरचे धावणे आता महाराष्ट्रात हौसेचा आणि अभिमानाचा विषय झाले आहे. पुण्यामुंबईचे सोडाच, दोंडाईच्यासारख्या तापीखोऱ्यातील बाजारगावातूनही साल्हेर-मुल्हेर, तोरणमाळ अशा वाटा धरणारी तरुण मंडळी निघतात. त्यांच्या बोलण्यात तळव्याची पकड, टाचेचा आधार, बुटाचे वजन हे विषय मोठ्या अधिकाराने येतात. हे सारे ज्ञान विलायतेतून आले, अशी त्यांची आणि आपलीही समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. जमीन पाहून पादत्राण ठरवावे, हा विचार फार जुन्या काळी ज्या भूमीसंदर्भात लिहिला गेला, ती भूमी आपल्या उंबरठ्याशी लागून आहे.

१

विनयपिटकातील महावग्गाचा पाचवा खंड ‘चम्मक्खन्धक’ या नावाने ओळखला जातो. त्याचा विषय चामडे. भिक्षूंनी कोणती पादत्राणे वापरावीत, कोणती वापरू नयेत याचे नियम त्यात आहेत आणि नियमांच्या आधी त्यांच्या जन्मकथा आहेत. पहिली कथा सोण कोळिविस याची. चंपा नगरीच्या श्रेष्ठीचा हा मुलगा इतका सुकुमार, की त्याच्या तळव्यांवर लव उगवली होती. ते तळवे पाहण्यासाठी खुद्द बिंबिसार राजाने त्याला बोलावून घेतले. पुढे तो भिक्षू झाला आणि अतिरेकी उत्साहाने येरझारा घालत ध्यान करू लागला. तळवे फुटले, चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. बुद्धाने त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला. तार फार ताणली तरी सूर नाही आणि फार सैल सोडली तरी नाही. या दृष्टान्ताचे पुष्कळ कौतुक झाले आहे. तो चामड्याच्या प्रकरणात, रक्ताळलेल्या पायांच्या संदर्भात आला आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

यानंतरचा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. बुद्धाने सोणाला एका तळाची पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेण्याचे नाकारले. एवढी संपत्ती सोडून आलेला हा माणूस आता एका वहाणेला चिकटून बसला, असे लोक म्हणतील; सर्व संघाला परवानगी मिळाली तर मीही वापरीन, असे त्याचे म्हणणे. मग ती परवानगी सर्वांना मिळाली. पादत्राणाचा प्रश्न एका पायाच्या सोयीपाशी थांबत नाही, तो समुदायाच्या समतेपर्यंत जातो, ही जाणीव या छोट्या प्रसंगात आहे.

त्याच खंडात पुढे दुसरा सोण येतो, सोण कुटिकण्ण. हा अवंतीचा, महाकच्चानाचा शिष्य. तो बुद्धाच्या भेटीला निघाला तेव्हा गुरूने त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठवल्या. त्यांतली एक अशी, की अवंती-दक्षिणापथातील जमीन वरून काळी आहे, खरखरीत आहे आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. तेव्हा तेथील भिक्षूंना अनेक तळांची पादत्राणे वापरू द्यावीत. बुद्धाने ती मान्य केली. मध्यदेशासाठी एक तळ पुरेसा, सीमेकडील प्रदेशांत अनेक तळ चालतील. भूमीप्रमाणे नियम बदलला.

‘काळी’, ‘खरखरीत’ आणि ‘खुरांनी तुडवलेली’ ही तीन विशेषणे वाचताना खान्देशी वाचकाला निराळा पुरावा लागत नाही. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरीचे शिष्य गोदाकाठाहून उत्तरेकडे निघतात, तेव्हा पैठण, माहिष्मती, उज्जैन असा त्यांचा मार्ग सांगितला आहे. पैठणहून नर्मदेकडे जायचे तर तापीचे खोरे ओलांडावेच लागते. पावसाळ्यात गुरे काळ्या चिखलातून जातात, खूर खोल रुततात. पाऊस सरला की तोच चिखल विटेसारखा कडक होतो आणि खुरांच्या खळग्यांच्या कडा पात्यासारख्या उभ्या राहतात. पाली ग्रंथ ज्याला ‘गोकण्टक’ म्हणतो तो हाच काटा. पातळ तळाच्या वहाणेतून तो बोचतो. अनवाणी पायाचे तर विचारायलाच नको.

धर्मानंद कोसंबी यांनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ लिहून विनयातील हे जग मराठी वाचकांसमोर ठेवले. बुद्धाच्या शोधात गोव्याहून नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत गेलेला हा विद्वान स्वतः मैलोगणती पायी हिंडला होता. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी यांनी तर पायपीट हीच इतिहाससंशोधनाची एक पद्धत मानली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथातील प्राचीन वाटा, वेशीबाहेरची दैवते आणि दगडी हत्यारे यांविषयीचे विवेचन त्यांच्या पुणे परिसरातील पदभ्रमणातून आले आहे. ग्रंथालयात बसून जे सापडत नाही ते पायांना सापडते, यावर या पितापुत्रांचा विश्वास होता.

२

महाभारताच्या अनुशासनपर्वात पादत्राणाची आणखी एक जन्मकथा आहे. जमदग्नी बाण सोडण्याचा खेळ खेळत होते आणि सोडलेले बाण रेणुका धावत जाऊन वेचून आणत होती. ज्येष्ठाचा महिना, सूर्य माथ्यावर. एका फेरीला तिला उशीर झाला. कारण विचारता ती म्हणाली, की डोके आणि पाय पोळले, म्हणून झाडाच्या सावलीत क्षणभर थांबले. जमदग्नी सूर्यावर संतापले आणि त्याला पाडण्यासाठी धनुष्य सज्ज केले. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या वेषात आला, शरण गेला आणि त्याने दोन वस्तू दिल्या : छत्र आणि उपानह. एक डोक्यासाठी, एक पायांसाठी.

एप्रिल-मेमध्ये तापीखोऱ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. ही कथा येथे परकी वाटत नाही. रेणुका तर आपल्या प्रदेशाची देवता आहे. धुळ्याच्या पांझराकाठची एकवीरा रेणुकेचेच रूप मानली जाते. तिच्या पुत्राची खूणही दूर नाही. बागलाणातील साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा दुर्गांत त्याचा समावेश झाला. त्याच्या माथ्यावर परशुरामाचे छोटेसे मंदिर आहे आणि तेथे पूजा होते ती पादुकांची. आईच्या पोळलेल्या पायांसाठी पादत्राण पृथ्वीवर आले, अशी कथा एकीकडे आणि मुलाच्या पादुका महाराष्ट्राच्या सर्वोच्च दुर्गशिखरावर, ही लोकश्रद्धा दुसरीकडे. साल्हेरचा घसारा चढून धापा टाकीत माथ्यावर पोचणाऱ्या प्रत्येक भटक्याने ही जोडी ध्यानात ठेवावी अशी आहे.

कथेतील एक बारकावा पुढील इतिहासाच्या दृष्टीने फार बोलका आहे. छत्र आणि उपानह या वस्तूंची गरज कोणाची होती? श्रम करणाऱ्या स्त्रीची. उन्हातून धावत बाण वेचून आणणारी ती होती. बाण सोडणारा एका जागी उभा होता.

३

पुढे काय झाले? छत्र राजचिन्ह झाले, उपानह प्रतिष्ठेचे चिन्ह झाले आणि ज्यांचे पाय सर्वाधिक चालत होते त्यांच्याच पायांतून ते काढून घेतले गेले. सवर्णांच्या आळीतून जाताना अस्पृश्यांनी पायातले काढून हातात घ्यायचे, ही रीत महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत विसाव्या शतकातही पाळून घेतली जात होती. पाराजवळून, चावडीसमोरून जाताना स्त्रियांनी वहाणा उतरवायच्या, हीही रीतच होती. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपण सहज वापरतो. ती कोणाला उद्देशून वापरली जाते हे तपासले, की म्हणीतला पाय कोणाचा आणि वहाण कोण, याचा उलगडा होतो.

काशीबाई कानिटकर या मराठीतील आरंभीच्या महत्त्वाच्या लेखिका आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रकार. या दोघी पायात जोडे घालून आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर दगड फेकले, असे स्त्रीसाहित्याच्या इतिहासात नोंदले गेले आहे. जोडे आणि छत्री! अनुशासनपर्वात सूर्याने रेणुकेसाठी दिलेल्या नेमक्या याच दोन वस्तू. ज्या परंपरेचा हवाला देऊन दगड उचलले गेले, त्या परंपरेच्या सर्वांत मोठ्या ग्रंथातच या दोन वस्तूंचे मूळ एका स्त्रीच्या पायांत आणि माथ्यात सांगितले आहे.

इंग्रजी अमलात याच प्रश्नाने दुसरे रूप घेतले. साहेबासमोर देशी माणसाने जोडा बाहेर काढून यावे, विलायती धाटणीचा बूट असेल तर मात्र चालेल, असा तोडगा सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काढला. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी पायातले काढण्यास नकार दिला आणि त्यावरून वृत्तपत्रांत मोठा गदारोळ झाला. आपल्या आळीत इतरांना वहाणा काढायला लावणाऱ्यांना, साहेबाच्या दारात तीच आज्ञा अपमानास्पद वाटली. हा विरोधाभास त्या काळच्या फार थोड्या विचारवंतांच्या ध्यानात आला.

आणि वहाण बनवणारा? गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. मोटेपासून वहाणेपर्यंत चामड्याचे काम त्याच्याकडे आणि स्पर्शाचा विटाळही त्याचाच. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘जुता आविष्कार’ ही कविता येथे आठवते. राजाच्या पायाला धूळ लागू नये म्हणून पंडित आणि मंत्री साऱ्या राज्यात गोंधळ माजवतात. आधी झाडून धूळ उडवतात, मग पाणी शिंपून चिखल करतात, शेवटी सगळी पृथ्वी चामड्याने मढवण्याचा बेत ठरतो. तेव्हा एक वृद्ध चर्मकार सुचवतो, की राजाचे दोन पायच मढवले तर? आणि मंत्री म्हणतो, माझ्याही मनात हेच होते. पृथ्वी मढवण्यापेक्षा पाय मढवावा, हा दृष्टान्त शांतिदेवाच्या ‘बोधिचर्यावतार’ ग्रंथातही आहे. तेथे तो मनाच्या निग्रहासाठी येतो. रवींद्रनाथांनी तो पुन्हा चर्मकाराच्या हाती दिला आणि त्याचे श्रेय कोण लाटतो तेही दाखवले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे तिचे नावही न घेता मांडली आणि टीका झाल्यावर मूळ मान्य केले. या कोल्हापुरीला २०१९ मध्येच महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालेले होते. ठाकुरांचा मंत्री अजून निवृत्त झालेला नाही, असेच म्हणावे लागते.

४

चर्मकाराच्या ज्ञानाचा विचार आपण फार कमी केला आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे मुरवायचे, रापीने कापायचे, आरीने भोक पाडून चामड्याच्याच वादीने शिवायचे. खिळ्याची गरज नाही. पायाच्या उष्णतेने आणि घामाने तळ हळूहळू पायाचा आकार घेतो. नवी वहाण चावते, जुनी होते तेव्हा ती त्या एकाच पायाची होऊन बसते. ट्रकचे जुने टायर बाजारात येऊ लागले, तेव्हा याच हातांनी त्यांतून तळ कापले. काटा शिरत नाही, ज्वारीचे धसकट टोचत नाही, चटका लागत नाही आणि वर्षानुवर्षे झिजत नाही. कष्टकऱ्यांसाठी अनेक तळांच्या पादत्राणाची विनंती जणू पुन्हा एकदा मान्य झाली.

युरोपातील कथाही एका अपघाताने वळण घेते. तेथील गिर्यारोहक चामड्याच्या तळाला लोखंडी खिळे मारलेले जड बूट वापरत. १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक थंडीवाऱ्यात सापडून मरण पावले. त्यांचे पाय पुरेसे सुरक्षित नव्हते, असे त्यांचे स्नेही व्हिताले ब्रामानी यांना वाटले. त्यांनी रबराचा, खोल दातऱ्यांचा तळ तयार केला आणि १९३७ साली त्याचे हक्क नोंदवले. ‘व्हिब्रम’ हे नाव त्यांच्याच नावावरून पडले. १९५४ मध्ये इटालियन पथक के-टू शिखरावर पोचले ते अशाच तळाच्या बुटांनी. आज डोंगरवाटेसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक बुटांच्या तळाशी त्या दातऱ्यांचे वंशज आहेत.

सह्याद्रीतील भटक्यांकडे हे बूट फार उशिरा आले. गो. नी. दांडेकरांच्या पिढीने साध्या वहाणांवर, कित्येकदा अनवाणी, गड पायाखाली घातले. नंतर कापडी ‘हंटर’ बूट आले आणि १९९० नंतरच्या दशकात ‘अ‍ॅक्शन’चे ट्रेकिंग बूट महाविद्यालयीन तरुणांना परवडू लागले. कातळावर त्यांची पकड उत्तम, किंमत माफक. गिर्यारोहण मंडळांत त्यांची शिफारस मंत्रासारखी एकाकडून दुसऱ्याकडे जात असे.

जमीन पाहून पादत्राण ठरवावे, हे महाकच्चानाचे तत्त्व येथेही लागू पडते. आपला डोंगर बेसाल्टचा. कोरड्या कातळावर मऊ रबर खडकाच्या खरखरीत कणांत दबते आणि धरून ठेवते; कडक प्लॅस्टिकचा तळ तेथे सरळ घसरतो. घसाऱ्यावर आणि चिखलात खोल, विरळ दातरे उपयोगी, कारण दाट दातऱ्यांत काळी माती भरून बसते आणि बूट शेराभराने जड होतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर मात्र कोणताही तळ पूर्ण भरवशाचा नसतो. तेथे पाऊल आखूड टाकणे हाच उपाय. दिवसभर चालल्यावर पाय फुगतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा, ज्या मोज्यांवर वापरायचा ते घालूनच घ्यावा आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहू द्यावी. ती न राहिल्यास उतारावर नखे काळीनिळी होतात. सुती मोजा घाम धरून ठेवतो. ओल आणि घर्षण एकत्र आले की फोड ठरलेला. धावणाऱ्याला हलका, वाकणारा बूट हवा, ओझे घेऊन चालणाऱ्याला अधिक टणक तळाचा. नवा बूट थेट साल्हेरला नेऊ नये, आधी गावात आठवडा-दोन आठवडे वागवावा. नाडीबाबत बोलायचे तर वीणेचा दृष्टान्त पुरेसा आहे.

५

येथे कोणी म्हणेल, की आपले पूर्वज अनवाणीच चालत होते आणि सुखी होते. या म्हणण्याला अलीकडे विज्ञानाचाही आधार दिला जातो. हार्वर्डचे डॅनियल लिबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये दाखवले, की अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा पायाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यामुळे टाचेवर आदळणारा धक्का टळतो. २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार तळव्याचा घट्टा जाड झाला तरी जमिनीची जाणीव बोथट होत नाही. हे खरेच आहे. १९६० साली रोममध्ये अबेबे बिकिला यांनी अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली. पण चार वर्षांनी टोकियोत त्यांनी बूट घालून पुन्हा जिंकली आणि ती आधीपेक्षा कमी वेळात, हा कथेचा उत्तरार्ध सांगायचे आपण विसरतो.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावली. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून आपण तिचे कौतुक केले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत तिने कांस्यपदक मिळवले, ते मात्र बूट घालून. बारामतीच्या लता करे पतीच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून साठी ओलांडल्यावर नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही आला. या दोघींच्या अनवाणी पायांत आपल्याला काव्य दिसते. त्यांना विचारले तर त्या कदाचित बुटाची किंमत सांगतील.

अनवाणीपणाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेसाठी खान्देशातून हजारो माणसे सप्तशृंग गडाकडे पायी निघतात. गडावरची देवी खान्देशाची माहेरवाशीण, असा भाव आहे. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून काहीजण नवसाने अनवाणी चालतात. ते व्रत आहे आणि व्रताला निवडीचे तेज असते, कारण वहाण घरी आहे आणि ती आपण होऊन मागे ठेवली आहे. मार्च २०१८ मध्ये त्याच नाशिक जिल्ह्यातून, सुरगाणा-कळवण-दिंडोरीच्या डोंगरपट्ट्यातूनही, हजारो शेतकरी आणि आदिवासी मुंबईकडे चालत निघाले. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. ६ मार्चला नाशिक सोडून, सुमारे १८० किलोमीटर चालून, दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून पार करत १२ मार्चच्या पहाटे ते आझाद मैदानावर पोचले. वृत्तपत्रांतून त्यांच्या सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे छापून आली. मुंबईकरांनी अन्नपाण्याबरोबर चपला आणून वाटल्या. त्या महानगराने त्या दिवशी आपल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यांआधी त्यांचे तळवे पाहिले.

डोंगर चढणे, वाटेने धावणे यांतला आनंद खरा आहे आणि तो कोणी हिणवू नये. पण पायाखालच्या काट्याची धास्ती गेल्यावरच डोळा वर उठतो आणि क्षितिज पाहू लागतो. चालणे कष्टाचे न राहता सुखाचे होण्याआधी पायांना निश्चिंती मिळावी लागते आणि आपल्या समाजात ती सर्वांना एकाच वेळी, एकाच मापाने मिळालेली नाही. साहित्याचे विद्यार्थी पात्रांचे संवाद वाचतात, वेष वाचतात, देहबोलीही वाचतात. त्यांनी एकदा आत्मचरित्रे, कादंबऱ्या आणि प्रवासवर्णने पायांकडे पाहत वाचून काढावीत. कोणाच्या पायात काय आहे, ते कोणी शिवले, कोणत्या वळणावर ते काढून हातात घ्यावे लागले, एवढ्याच नोंदी कराव्यात. आपल्या सामाजिक इतिहासाचे एक न लिहिलेले प्रकरण त्यांतून उभे राहील. त्या प्रकरणाच्या आरंभी सोण कोळिविसाचे म्हणणे ठेवायला हरकत नाही : सर्वांना मिळणार असेल, तरच मीही घेईन.